बारीक रोलरचे दिवस

मासान
मंगळवार, २८ ऑक्टोबर १९९७

ती. ताईस,

चुन्जाचा वाकून नमस्कार. तुझं पत्र आणि लसणाची जुडी, दोन्ही पोचलं. जुडी दुकानाच्या दारात टांगलीय, तर गिऱ्हाइकं केसांच्या आधी लसणाचाच भाव विचारतात. भावोजींचा गुडघा कसा आहे? थंडी पडायच्या आत एकदा वैद्याकडे सुया टोचून घ्यायला ने त्यांना. कुरकुरतील, तर कुरकुरू देत. कुरकुरण्यात त्यांचा जन्म गेला.

आज दुकानाला सुट्टी, म्हणून निवांत लिहायला बसले. तू विचारलंयस, "टीव्हीवर रोज कुणी म्हणतं मंदी येतेय, कुणी म्हणतं येत नाही. तुझ्या हातात दिवसभर बायकांची डोकी असतात, तुला काय दिसतं ते सरळ लिही." शेताला गिऱ्हाईक आलंय, पुढच्या आठवड्यात त्याला हो-नाही सांगायचंय, आणि ते माझ्या उत्तरावर ठरणार! ताई, म्हणजे तू मला थेट अर्थमंत्रीच केलंस की. खरे मोठे साहेब तर परवाच टीव्हीवर सांगत होते, देशाचा पाया भक्कम आहे, घाबरायचं कारण नाही. त्यांचे केस छान चमकत होते. आठवड्याला एकदा तरी कापत असणार.

मला पायाबियातलं काही कळत नाही, रोलरमधलं कळतं. जाड रोलर घालून पर्म केला की केसांना सैल, मोठी लाट येते. दिसायला झोकदार, फोटोत तर फारच, पण दोन महिन्यांत उतरते. बारीक रोलरचा पर्म म्हणजे मेंढीची लोकर. दिसतो वाईट, पण सहा महिने हलत नाही. गेल्या वर्षी माझ्याकडे जाड रोलर पुरत नसत. या वसंतापासून बारीक पुरेनासे झालेत. शेवटी बाजारातून आणखी आणले, आणि दुकानदार म्हणाला, "तुम्ही पण बारीकच नेताय? सकाळपासून सगळ्याच पार्लरवाल्या बारीक मागतायत."

आमची बांगडे विकणारी मावशी तर खुर्चीत बसायच्या आधीच ओरडते, "चुन्जा, घट्ट गुंडाळ! डोळे वर ओढले गेले तरी चालतील. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मला तुझं तोंड बघायचं नाहीये."

मी म्हटलं, "मावशी, मेंढी दिसशील."

"दिसू दे. मेंढीला निदान गवत तरी फुकट मिळतं!"

हसून हसून पोटात दुखलं. पण रात्री तेच आठवलं तेव्हा हसू आलं नाही. केस रंगवायला येणाऱ्या बायका आता घरीच रंगवतात आणि कान काळे करून माझ्याकडे निस्तरायला येतात. कापायला येतात त्या म्हणतात, आणखी बोटभर काप, परत लवकर यायला नको. ही झाली एक बाजू. दुसरीकडे बघावं तर लग्नाचे हॉल वसंतापर्यंत भरलेले, मोठ्या दुकानात सेल लागला की पाय ठेवायला जागा नाही, आणि तासावर भाड्यानं मिळणाऱ्या गाण्याच्या खोल्यांतून लोक गळे काढतायत. मग मंदी आहे म्हणावं की नाही? सुखानं गातात की दुःखानं, ते भिंतीबाहेरून कसं कळणार?

बघ, दोन पानं भरली, आणि शेताबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही. तेग्यूबद्दलही नाही. तू आई आहेस, तुझ्या हे केव्हाच लक्षात आलं असेल. आता लिहिते. पण आधी त्याच्या सासूबाईंचं लिहिते, म्हणजे होणाऱ्या सासूबाईंचं, कारण सगळं तिथूनच कळलं.

उन्सुकची आई माझी जुनी गिऱ्हाईक, हे तुला माहीत आहेच. उन्सुकला आणि तेग्यूला एकमेकांची तोंडं पहिल्यांदा माझ्याच आरशात दिसली. बाईंचा नवरा कापडाच्या गिरणीत मोठा साहेब, त्यामुळे बाईंचा रोलर कायम जाड. तोही माझ्याकडचा सगळ्यात जाड. आपली दोन घरांची बैठक पुढच्या रविवारी, म्हणून त्या गुरुवारीच केस करून घ्यायला आल्या. बसल्या आणि म्हणाल्या, "या वेळी बारीक घाल."

मला वाटलं, चेष्टा करतायत. म्हटलं, "बाई, बैठक आहे, मग लग्नाचे फोटो आहेत. मुलीच्या शेजारी मेंढी उभी करायची का?"

"घाल म्हटलं ना. मला आता कुरळेच आवडायला लागलेत."

ताई, लेकीच्या लग्नाच्या तोंडावर कुठल्याही बाईला घट्ट कुरळे केस आवडायला लागत नाहीत. आरशात मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी मासिकात डोकं घातलं. साहेब घरी बसलेत, हे मला न सांगता कळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी बारीक रोलर गुंडाळत राहिले, आणि मनात हेच चाललं होतं की हे तुला कसं कळवू. तेव्हा मला वाटत होतं, मूठ झाकलीय ती फक्त त्यांनी.

औषध लावून झालं, आता थांबायचं. बांगडेवाली मावशीही गप्पा मारायला आली होती, तिला भूक लागली. नेहमीच्या नूडलवाल्याला फोन केला तर कुणी उचलेना. मावशी म्हणाली, "तो कसला उचलतोय! गुंडाळलं त्यानं दुकान, सोमवारीच." मग दारावर चिकटवलेल्या कागदावर ओढ्यापलीकडच्या एका दुकानाचा नंबर होता, तिथे सांगितलं.

थोड्या वेळानं मोटारसायकल थांबली. डोक्यावर हेल्मेट, हातात पत्र्याची पेटी, असा एक जण आत आला आणि म्हणाला, "कुठे ठेवू?"

आवाज तेग्यूचा होता.

सकाळी माझ्या हातचा भात आणि सोयाबीनचं कालवण खाऊन कारखान्यात गेलेला आपला तेग्यू. त्यानं मला बघितलं. मग खुर्चीतल्या बाईंना बघितलं. हेल्मेटची काच खाली ओढली आणि गुडघ्यांवर बसून वाट्या एकेक करून, दोन्ही हातांनी, टेबलावर मांडल्या.

"अरे पोरा, मुळ्याचं लोणचं एवढंसंच?" मावशी सुरू झाली. "आणि ते हेल्मेट तरी काढ. आम्ही काय तुला टक्कर मारतो?"

तो उभाच. तेव्हा उन्सुकची आई, वाटीतून वर न बघता, म्हणाल्या, "राहू दे हो. त्याला घाई असेल."

तो वाकला आणि निघून गेला. पैसे न घेताच गेला.

नूडल कशा होत्या ते मला आठवत नाही. खाऊन झाल्यावर रिकाम्या वाट्या आपण तशाच दाराबाहेर ठेवतो, दुकानवाला नंतर घेऊन जातो. कुणी धूत नाही. पण उन्सुकची आई उठल्या, डोकं भरून रोलर, वर प्लॅस्टिकची टोपी, आणि माझ्या मोरीवर जाऊन तिन्ही वाट्या साबणानं घासल्या, पुसल्या, दाराबाहेर उपड्या ठेवल्या. मी म्हटलं, "अहो, काय करताय?" तर म्हणाल्या, "बसून बसून मान अवघडली."

त्या दिवसापासून मी त्या तीन वाट्यांचा विचार करतेय. त्यांनी त्याला ओळखलं होतं का? ओळखलं असेल, तर ती माया होती, की सोयरीक मोडायच्या आधी उपकार फेडून मोकळं होणं? जाताना नेहमीसारख्या "येते गं" म्हणाल्या. बैठकीचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

संध्याकाळी तेग्यूला समोर बसवलं. कारखान्यानं ऑगस्टमध्येच निम्म्या लोकांना घरी पाठवलं, आणि आपण होऊन सोडतोय अशी सही घेतली. ऐकताना मला रडू आलं, तर उलट तोच मला समजावत बसला. "मावशी, आईला इतक्यात सांगू नकोस. बैठक होऊ दे. एकदा घर झालं की मी काहीही काम करीन. उन्सुकला मी सांगणार आहे, फक्त आधी दुसरी नोकरी मिळू दे." आणि मी मूर्ख बाईनं त्याला शब्द दिला. चार दिवस पाळला. आता मोडतेय.

कारण लग्नासाठी मुलाकडच्यांनी द्यायचं ते घर तुझ्या शेताच्या पैशावर उभं राहणार. शेत विकलंस, तर उद्या तुमच्या दोघांच्या हातात काय राहील? मुलाच्या पगारावर बसून खाऊ म्हणशील, तर तो पगारच नाही. नाही विकलंस, तर बैठकीत घराचा विषय निघेल आणि लग्न तिथंच मोडेल. तिकडच्यांना खरं सांगावं, तर पोर मान वर करणार नाही. न सांगावं, तर त्या मुलीला फसवल्यासारखं होतं. आणि त्यांच्या घरचं मला जे कळलंय, ते मी कुठल्या तोंडानं बोलू? आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, तशी माझी गत झालीय. दोन्ही घरं एकमेकांच्या पगाराकडे बघून सोयरीक करतायत, आणि पगार कुणाकडेच नाही. हे अख्ख्या मासानमध्ये फक्त मला माहीत आहे, आणि माझ्या हातात काय, तर कंगवा.

तू धाकट्या बहिणीकडे सल्ला मागितलास. विकू नकोस, असं लिहायला गेले की उन्सुक डोळ्यांसमोर येते. विक, असं लिहायला गेले की भावोजींचा गुडघा. माझ्याच्यानं काही होत नाही, ताई. मंदी आहे का, एवढंच मी सांगू शकते. आहे. आपल्या घरात आहे. पुढचं तू ठरव, आणि माझ्यावर रागवायचं असेल तर खुशाल रागाव.

थांब. मोटारसायकल वाजली. तेग्यू आलाय, दुपारची गर्दी संपल्यावर तासभर पाठ टेकायला येतो. दारातूनच विचारतोय, "आईला लिहितेयस?" मी हो म्हटलं. दाखव म्हणाला नाही. बूट काढता काढता म्हणाला, "माझाही नमस्कार लिही. म्हणावं काम चांगलं चाललंय, आणि बैठकीला येताना उगाच नवे कपडे घेऊ नकोस, तू आहेस तशीच छान दिसतेस."

म्हणून लिहिते. तेग्यूचा तुला नमस्कार. त्याचं काम चांगलं चाललंय.

तुझी,
चुन्जा