आत्या, तुमचा पिंड देऊन झाला आहे

माधव नगर, उज्जैन
बुधवार

तीर्थरूप सुलूआत्यांस,

आल्हाद गोपाळकृष्ण चिटणीस याचा दंडवत. (हा कोण बुवा, असं तुम्ही आत्ता मनात म्हणालात ना? सांगतो, जरा दम धरा.) आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. तुमचे गुडघे कसे आहेत? तुम्हांला गुडघ्यांचा त्रास आहे की नाही हे मला माहीत नाही, पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी विचारायची रीत आहे म्हणून विचारलं. घरच्या वडीलधाऱ्यांना 'तीर्थरूप' लिहायचं आणि परक्यांना 'तीर्थस्वरूप', असं आम्हांला शाळेत घोकून घेतलं होतं. दोन कागद फाडले आणि शेवटी 'तीर्थरूप'च लिहिलं. चुकलं असेल तर मधला 'स्व' तुमच्या हातानं घाला आणि पत्र परत पाठवा, मी काय ते समजेन.

आता एकदम सांगतो, बसून वाचा. तुम्ही सहा वर्षांच्या असताना तुमच्या घरातून तीन वर्षांचा एक भाऊ उज्जैनच्या चिटणिसांना दत्तक दिला गेला. ते माझे बाबा. म्हणून तुम्ही माझ्या आत्या. आणि दुसरी गोष्ट, जी सांगायची मला जास्त लाज वाटते, ती अशी की गेल्या महिन्यात सिद्धवटावर मी तुमचा पिंड दिला. तुम्ही हयात आहात हे मला चार दिवसांनी कळलं.

पत्र फाडू नका, आत्या. माझी बाजू ऐका.

आमची आजी (दत्तक घेणारी, पण तिला असं म्हणायची घरात कोणाची छाती नव्हती) होती तोवर हा विषय निघतच नसे. दोन वर्षांपूर्वी ती सत्त्याण्णवाव्या वर्षी गेली आणि तिच्या ट्रंकेत नऊवारी लुगड्यांच्या तळाशी दत्तकपत्र सापडलं. देवासचे विनायक पोतनीस यांचा कनिष्ठ पुत्र, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. बाबांनी चष्मा लावून वाचलं, घडी घातली आणि चहा होणार आहे का असं विचारलं. संपलं. पण मी त्यांचा मुलगा आहे, मला कळतं. बाबा रोज पेपरातल्या निधनवार्ता बोट फिरवून वाचतात. आणि दर भाऊबीजेला दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या खोलीत बसतात. येणारं कोणी नसतं. संध्याकाळी सदरा काढून ठेवतात आणि जेवतात. गेल्या भाऊबीजेला ते बघवलं नाही हो. तेव्हाच ठरवलं, आता बाबांचं माहेर शोधायचं. (पुरुषाच्या जन्मघराला दुसरा शब्द मला सुचत नाही, तुम्हांला सुचला तर कळवा.)

बाबांना मात्र काही सांगितलं नाही. हाती काही लागलं नाही तर उगाच त्यांच्या जिवाला घोर. आधी गेलो देवासला. इथल्या देवास गेटवरून बस धरली आणि पोतनीसांचं घर विचारत दिवसभर फिरलो. घर केव्हाच विकलेलं, त्या जागी कोचिंग क्लास, आणि क्लासवाल्यानं मलाच विद्यार्थ्याचा बाप समजून फिजिक्सच्या बॅचची माहिती दिली. शेजारचे एक आजोबा 'वो लोग तो कब के चले गए' म्हणाले. कुठे गेले विचारलं तर त्यांनी वर बोट केलं. मग मधुरानं (माझी बायको, एमएससी आहे, विज्ञानावर फार विश्वास) एका परदेशी कंपनीची थुंकीची डबी मागवली. बाबांना ती शुगरची नवी टेस्ट म्हणून सांगितली. दोन महिन्यांनी अहवाल आला की बाबा दक्षिण आशियातले आहेत आणि कझाकस्तानात त्यांचा कोणी लांबचा भाऊबंद आहे. मी त्याला मेसेज केला. त्यानं घोड्याचा फोटो पाठवला. तेवढ्यावर ते नातं थांबलं आहे.

मधे एकदा वाटलं, सोडून द्यावं. पण आत्या, गंमत बघा. चिटणीस म्हणजे दरबारात पत्रं लिहिणारे, पोतनीस म्हणजे खजिना सांभाळणारे. लहानपणापासून मी लांबलचक लिहितो आणि सगळे म्हणतात, चिटणिसांचं रक्त आहे. आता कळतंय की चिटणिसांचं नुसतं आडनाव आहे, रक्त तुमचं. म्हणजे हे पत्र एवढं लांबलंय त्यात अर्धा दोष तुमच्याकडचा आहे.

तर शेवटी गेलो शैलेंद्र गुरूंकडे. क्षिप्रेकाठचे आमचे तीर्थपुरोहित, त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोथ्या. जो यजमान येतो तो स्वतःच्या हातानं आपली वंशावळ पुढे लिहून जातो. (हल्ली खाली मोबाईल नंबरही लिहून घेतात, कलियुग आहे.) गुरूंनी गोत्र विचारलं. मी चिटणिसांचं सांगितलं. मग पोतनीसांचं पान काढा म्हटलं. गुरूंनी पोथी मिटली. दत्तक गेलेल्याचं जुन्या गोत्राशी काही उरत नाही, तुम किस हैसियत से देखोगे, असा सरळ सवाल. मी म्हटलं, शेजारी समजा. मग मी शेजारी म्हणून, लांबून, हात न लावता ते पान बघितलं. १९५४ साल, विनायकरावांचं मोडीवळणाचं अक्षर, त्यांचं नाव, पत्नीचं नाव आणि खाली फक्त 'मंगला'. बाबांचं नाव नाही. ते आदल्या वर्षीच आमच्या पानावर आले होते ना.

आता इथे माझी चूक झाली, आणि गुरूंचीही. पोथीत मुलींची नावं चढवत नाहीत. मुलगी लग्न करून जाते, तिचं नाव सासरच्या पानावर. मग मंगला इथे कशी? गुरूंनी मान हलवली आणि म्हणाले, 'कुँवारी ही चली गई होगी बेचारी।' पुढे सत्तर वर्षं त्या पानावर एक ओळ नाही. मला तर भरूनच आलं. म्हटलं, अरेरे, बाबांना एक बहीण होती आणि तीही अशी गेली. गुरू म्हणाले, शेजाऱ्यालाही धर्मपिंड देता येतो, त्याला गोत्र लागत नाही. झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धवटावर जाऊन आजोबा, आजी आणि कुमारी मंगला, असे तीन पिंड दिले. तुमच्या पिंडाला मी रडलो, आत्या. खोटं नाही सांगत. वडावर दूध ओतताना तर एवढा रडलो की शेजारच्या राजस्थानी कुटुंबानं मला पाणी पाजलं.

चौथ्या दिवशी मी ऑफिसात असताना गुरूंचा फोन. 'भाईसाहब, गड़बड़ हो गई। आपकी बुआजी तो पिछले साल ही आई थीं। पोहे खाकर गई हैं।' तुमच्या सासरची, कर्णिकांची पोथी चाळताना त्यांना तुमची नोंद दिसली. लग्नात नाव बदललेलं, तेव्हा कोणाला काय कळणार. संध्याकाळी धावत गेलो. कर्णिककाकांच्या श्राद्धाला आल्या होतात तेव्हा तुम्ही लिहिलेलं पान मी वाचलं. 'सुलोचना कर्णिक, देवास. पूर्वीची मंगला विनायक पोतनीस. भाऊ एक, उज्जैनला दिलेला.' गुरू सांगत होते की कर्णिकांच्या पानावर पोतनीसांचा भाऊ लिहू नका असं त्यांनी तुम्हांला बजावलं, तेव्हा तुम्ही 'पेन मेरा है' म्हणालात. वा आत्या! मी तुम्हांला अजून पाहिलं नाही, पण तुम्ही मला तेव्हाच आवडलात. आणि विनायकआजोबांनी तुमचं नाव रीत मोडून का लिहिलं, तेही मग लक्षात आलं. मुलगा देऊन टाकल्यावर पानावर कोणीतरी हवं होतं त्यांना.

नंबर होता. फोन तीनदा लावला आणि रिंग जायच्या आत कापला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला फोनवर काय सांगायचं? म्हणून पत्र. प्रकृतीस जपा, आणि हे वाचून रक्तदाब वाढला असेल तर आधी गोळी घ्या, मग मला शिव्या द्या.

तुमचा (चालेल ना?) भाचा,
आल्हाद

ता. क. पिंडाच्या भानगडीवर गुरूंनी उपाय सांगितला आहे. ज्याला चुकून पिंड दिला त्यानं देणाऱ्याच्या घरी येऊन पोटभर जेवायचं. शास्त्रात आहे का विचारलं तर म्हणाले, 'अब हो गया।' तेव्हा जेवायला या. पुरणपोळी की बासुंदी ते कळवा.

ता. ता. क. खरं सांगू का? पिंड, उपाय, सगळं निमित्त आहे. बाबांना यातलं अक्षरही माहीत नाही. त्यांना भाऊ म्हणायची तुमची इच्छा नसेल तर उत्तर देऊ नका, मी त्यांना कधीच काही सांगणार नाही. एवढंच विचारायला तीन पानं लिहिली.

ता. ता. ता. क. (हे अक्षर वेगळं आहे. मी गोपाळ.)

ताई, सा. न. वि. वि. पाकीट आल्हादच्या टेबलावर उघडं होतं. वाचलं. चिकटवून मीच पोस्टात टाकतो आहे. त्याला सांगू नका, सहा महिने पोरगं फार उत्साहानं फिरत होतं. शुगरच्या टेस्टला डबीत थुंकवत नाहीत, एवढं मला कळतं.

तुमचा पत्ता मला १९७५ पासून माहीत आहे. इथल्या वडिलांनी सांगितला होता. आईला मी शब्द दिला होता की ती असेपर्यंत पोतनीसांच्या दारात जाणार नाही. कर्णिकांच्या दाराबद्दल काही बोलणं झालं नव्हतं. मी टेलिफोन खात्यात होतो. १९८८ च्या मार्चमध्ये तुमच्याकडे फोन बसला, तो बसवायला मी आलो होतो. ते माझं काम नव्हे, मी ऑफिसातला माणूस. लाइनमनची पिशवी मागून आणली होती. वायर दोनदा चुकीची लावली.

तुम्ही चहा दिलात आणि नाव विचारलंत. मी म्हटलं, चिटणीस, उज्जैनचा. तुम्ही आत गेलात. बराच वेळ बाहेर आला नाहीत. मग आलात तेव्हा हातात बेसनाच्या लाडवांचं ताट होतं आणि मी सगळे खाईपर्यंत तुम्ही उभ्या होतात. मी सही घेऊन निघून आलो. आई गेली तसा शब्द संपला, पण मग धीर होईना.

एकच विचारायचं आहे. तेव्हा ओळखलं होतंत का? हो असेल तर रविवारी सकाळच्या बसनं येतो. नाही असेल तरी येतो.