चौदा वर्षांखालील संघातून माझ्या मुलाचे नाव कमी करण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा क्रीडा अधिकारी,
वर्धा.

विषय : नाचणगाव शालेय फुटबॉल संघातील खेळाडू धनराज रूपराव इखार याची खोटी जन्मतारीख रद्द करून त्यास संघातून वगळणे, व दि. ११ सप्टेंबरच्या सामन्याचा निकाल फिरविणे.

संदर्भ : १) हिंगणघाट येथील नाचणगाव विरुद्ध वडनेर सामना, दि. ११ सप्टेंबर १९८३.
२) माझ्या सहीचा जन्मतारखेबाबतचा प्रतिज्ञालेख, माहे जुलै १९८३.

महोदय,

मी रुख्मिणी रूपराव इखार, वय पस्तीस, राहणार नाचणगाव, तालुका देवळी. गावातील बालवाडीत शिक्षिका आहे. हा अर्ज मी माझ्या मुलाच्या विरुद्ध लिहीत आहे असे गावात बोलले जाईल. तसे नाही हे आपणास शेवटपर्यंत वाचल्यावर कळेल, म्हणून शेवटपर्यंत वाचावे एवढी पहिली विनंती.

माझा मुलगा धनराज गावच्या शाळेच्या चौदा वर्षांखालील संघात खेळतो. आपल्याकडे त्याची जन्मतारीख १७ नोव्हेंबर १९६९ अशी दाखल आहे. ती खोटी आहे. त्याचा जन्म १७ नोव्हेंबर १९६७ रोजी वडनेर येथे, माझ्या माहेरी झाला. या बाबतीत माझ्याइतका जवळचा साक्षीदार दुसरा कोणी असणे शक्य नाही. आज तो सोळाव्या वर्षात आहे व बारा-तेरा वर्षांच्या मुलांत खेळत आहे.

खोट्या तारखेचा प्रतिज्ञालेख माझ्या पतीने तयार करून आणला. त्यावर वडील म्हणून त्यांची व आई म्हणून माझी सही आहे. न वाचता सही केली असे लिहिणे मला सोपे होते. परंतु मी वाचून केली. एका वर्षाच्या खेळाने कोणाचे काय बिघडते, असे त्या वेळी मनात आले होते. शाळेने आमचा कागद खरा मानला, तेव्हा शाळेकडे यात दोष जात नाही.

माझे पती श्री. रूपराव इखार हे पुलगावला नोकरीस आहेत. तरुणपणी ते स्वतः चांगले फुटबॉल खेळत. नागपूरला निवडीसाठी गेले असता शेवटच्या दिवशी त्यांचे नाव यादीतून गेले व एका बड्या माणसाच्या भाच्याचे आले, असे ते सांगतात. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की धनराजला ती माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. ते वाईट वडील आहेत असे माझे म्हणणे नाही. मुलाच्या पायांना रोज पहाटे तेल लावून देणारा बाप मी दुसरा पाहिलेला नाही. परंतु तेल लावताना ते त्याच्याशी बोलत, ते पायांशी बोलल्यासारखे बोलत.

मागील साली विषमज्वरामुळे धनराजची आठवीची परीक्षा बुडाली. हे देवाघरचे. मात्र या वर्षी एप्रिलमध्ये गणिताच्या पेपरात त्याने नाव व नंबर लिहून बाकी कागद कोरा ठेवला. मी विचारले तेव्हा म्हणाला, "बाबानंच सांगतलं. नववीत गेलो तर गटात बसत नाई म्हणे." अशा रीतीने माझा मुलगा तिसऱ्यांदा आठवीत बसला आहे. मी दुसऱ्यांच्या लेकरांना अंक शिकविते. त्या दिवशी मी बालवाडीत गेले, पण फळ्यावर काही लिहिले नाही.

आता सामन्याबद्दल.

त्या रविवारी दोन्ही गावांहून पालक आले होते. आमचे लोक एका ट्रकमधून गेले, मीही त्यात होते. वडनेरच्या संघात सुधाकर नत्थू थूल नावाचा बारा वर्षांचा मुलगा होता. अंगाने लहान, पण पायात चेंडू असा राही की जणू दोरीने बांधला आहे. पहिल्या अर्ध्या डावात त्याने आमच्या धनराजला तीन वेळा चकविले. तिसऱ्या वेळी वडनेरचे लोक हसले. हे हसणे पुढील सर्व गोष्टींचे कारण ठरले असे माझे मत आहे.

मध्यंतरात आमच्या पालकांनी मुलांना पाणीही सुखाने पिऊ दिले नाही. प्रत्येक बाप आपापल्या मुलाला धरून बोलत होता. संघाचे मास्तर बाजूला उभे होते, त्यांना कोणी विचारत नव्हते. पालकांचे पुढारी श्री. वासुदेवराव काळे सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "त्या थुलाच्या पोट्ट्याले थांबवलं नाई तर ट्रकमंधी बसू नका, पायी या." आणखीही काही बोलले गेले, त्या मुलाच्या वस्तीचे नाव घेऊन. ते मी अर्जात लिहीत नाही. आपण या जिल्ह्यात नोकरी करता, आपण समजू शकता.

खेळ पुन्हा सुरू झाल्यावर माझे पती रेषेवरून धनराजच्या बरोबरीने पळत होते. पंचांनी दोनदा त्यांना मागे सारले. सुधाकर चेंडू घेऊन निघाला तेव्हा ते ओरडले, "बॉल पाहू नको! पाय पाय, पाडजो त्याले!" आमचे सगळे लोक तेच ओरडू लागले. धनराज धावत गेला व आडवा घसरला. लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. पंचांना बहुधा तो ऐकू गेला नाही. शिट्टी झाली नाही. चेंडू सुटला, तो आमच्या संघातील दुसऱ्या एका मुलाने गोलात मारला, व आमच्या बाजूने टाळ्या पडल्या.

महोदय, टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होते. मला पडलेला मुलगा दिसला नव्हता, सुटलेला चेंडू दिसला होता. माझे हात थांबले तेव्हा नत्थू थूल मैदानात धावत होते व त्यांच्या एका पायातली वहाण मागे पडली होती.

त्यानंतर वडनेरचे पालक आत शिरले, आमचे शिरले, छत्र्या चालल्या, दगड आले. पंचांच्या कपाळाला लागले. मुले मात्र कोणाशी भांडली नाहीत. दोन्ही संघांची मुले सुधाकरभोवती गोल करून उभी होती व आत येणाऱ्या मोठ्या माणसांना अडवीत होती. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एक-शून्य असा निकाल लागला व आमचा संघ अंतिम सामन्यात गेला. नाचणगावात गुलाल उधळला गेला. धनराज ट्रकमधून उतरला तो सरळ घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

मंगळवारी मी वर्ध्याला दवाखान्यात गेले. सुधाकरची नडगी दोन ठिकाणी मोडली आहे. पाय प्लास्टरमध्ये टांगलेला होता. त्याची आई पंचफुला हिला मी ओळखले व तिनेही मला ओळखले. माझ्या वडिलांच्या वावरात ती कापूस वेचायला येत असे. मी सोबत नेलेली मोसंबी तिने घेतली, बाजूला ठेवली व मला बसायला स्टूल दिले. वाद घातला नाही, रडली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "रुख्माताई, तुमचा धनराज झाला तवा मी नवी नवरी होती. वेचणी चालू होती. तुमच्या मायनं आमाले सगळ्यायले गूळ वाटला होता. त्याच्यावर चार वर्सानं माया सुधाकर झाला."

मी होय म्हणाले.

"मंग हे दोघं एकाच गटात कसे वो, ताई?"

तिने पुन्हा विचारले नाही. सुधाकर जागा होता व माझ्याकडे पाहत होता. निघताना तो म्हणाला, "धनराजभाऊले सांगजा, त्यानं मले उचलून नेलं होतं बाहेर. मले मालूम हाय." मोडणारा व उचलणारा एकच होता हे त्या मुलाला कळत होते. आम्हा मोठ्यांपैकी कोणालाही ते सांगायचे सुचले नव्हते.

घरी येऊन मी पतींना म्हणाले की हे खरे आपण सांगू. ते म्हणाले, "पंचवीस तारखेची फायनल होऊ दे. नागपूरचे लोक पाहाले येऊन राह्यले. मग तू म्हणशीन तसं." मी म्हटले, त्या मुलाचा पाय पंचवीस तारखेची वाट पाहत नाही. ते जेवणावरून उठून गेले.

शुक्रवारी सायंकाळी सात पालक आमच्या घरी आले. श्री. वासुदेवराव यांनी एक लिहिलेला कागद आणला होता. वडनेरच्या मुलाचा पाय सामन्याआधीच दुखत होता, तो लंगडत मैदानात आला होता, असे आम्ही सर्वांनी पाहिले, अशी त्यात हकिकत होती. खाली सहा सह्या झालेल्या होत्या. वडनेरच्या लोकांनी तक्रार केलीच तर तयारी असावी म्हणून. मी बालवाडीची बाई, माझ्या सहीला वजन आहे, असे मला सांगण्यात आले.

मी म्हणाले की मी तो मुलगा पळताना पाहिला आहे, लंगडताना नाही. एवढे म्हटल्यावर त्यांचे जे बोलणे झाले त्यातून मला कळले की खोट्या तारखेचा मुलगा एकटा आमचाच नाही, संघात आणखी आहेत. कोण ते मी लिहीत नाही. ते लिहिणे त्यांच्या आयांचे काम आहे. श्री. वासुदेवराव जाताना दारात थांबून म्हणाले, "आई हायेस का वैरीण? लोकं पोरासाठी काय काय करतात, अन् तू काऊन पाय ओढून राह्यली?" माझे पती ओट्यावर बसले होते.

दुसऱ्या दिवशी बालवाडीच्या दारात कोणी तरी फुटका चेंडू टांगून ठेवला होता. लेकरांना तो खेळायला मिळाला म्हणून आनंद झाला. दोन आयांनी मात्र आपली मुले त्या दिवसापासून पाठविली नाहीत.

अर्ज लिहिण्यापूर्वी मी धनराजला विचारले. हे लिहिले तर कदाचित तुला पुन्हा कोणत्याच संघात घेणार नाहीत, हे त्याला स्पष्ट सांगितले. तो म्हणाला, "लिही. मले त्या लहान पोरायत खेळाची लाज वाटते, आई. पण बाबाले आधी वाचून दाखवजो. त्यायच्या मागून नको." खेळ सोडायचा आहे का असे विचारले, तर म्हणाला, "नाई. माया वयाच्या पोरायसोबत खेळाचं हाय. हारलो तरी चालते."

त्याप्रमाणे काल रविवारी दुपारी मी हा अर्ज येथवर पतींना वाचून दाखविला. त्यांनी मध्ये एकदाही अडविले नाही. वाचून झाल्यावर विचारले, "अर्ज घेऊन कोणत्या गाडीनं जातं?" मी म्हटले, सकाळच्या एस. टी.ने. त्यांनी नोकरीवर रजेचा निरोप पाठविला. यापेक्षा अधिक मला माहीत नाही. आपल्या दारात आल्यावर ते माझ्यासोबत आत येतील, बाहेर थांबतील की कागद माझ्या हातून घेतील, हे मला सांगता येत नाही. म्हणून माझी मागणी मी आत्ताच लिहून ठेवते.

धनराजचे नाव चौदा वर्षांखालील संघातून आजच कमी करावे. ११ सप्टेंबरचा सामना वडनेरने जिंकला असे धरावे व पंचवीस तारखेला त्यांची मुले खेळवावीत. खोट्या सहीबद्दल जी काय कारवाई होणे असेल ती माझ्यावर व पतींवर व्हावी, मुलावर होऊ नये. त्याने कागदावर सही केलेली नाही, त्याच्या वतीने आम्ही केली.

तसेच पंचवीस तारखेला कोणत्याही गावच्या पालकांना रेषेपासून निदान तीस पावले मागे, दोरीबाहेर बसवावे. पोलीस कमी पडत असतील तर दोरी धरायला मी येईन. आवाज पोहोचणार नाही इतके अंतर असावे. मुलांना काय करायचे ते माहीत असते. मी त्यांना स्वतः होऊन गोल करून उभे राहिलेले पाहिले आहे.

पंचफुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी तिला तोंडाने देऊ शकले नाही. आपला निर्णय झाल्यावर त्याची एक प्रत तिला दवाखान्यात पाठवावी. तिला वाचता येत नाही. सुधाकर वाचून दाखवील.

आपली विश्वासू, व या प्रकरणी दोषी,
सौ. रुख्मिणी रूपराव इखार
नाचणगाव, दि. १९ सप्टेंबर १९८३

सोबत :
१) वडनेर येथील कोतवाल बुकातील जन्मनोंदीची नक्कल.
२) माझ्या सहीचा प्रतिज्ञालेख (प्रत).
३) धनराजचे खेळाडू ओळखपत्र, फोटोसह.
४) धनराजचे आपणास लिहिलेले पत्र, बंद पाकिटात. मी ते उघडलेले नाही.

(खाली निराळ्या अक्षरात)

मी रूपराव, धनराजचा वडील. मुलगा झाल्याचे कळताच मी पुलगावहून वडनेरला गेलो होतो व कोतवाल बुकात तारीख मीच सांगून लिहविली होती. तीच खरी. जुलैची खोटी, तीही माझीच. हे आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात बसून लिहिले. आत दोघेही येत आहोत.

रू. इखार