साठ ठिपके

३ जानेवारी
डोळ्यात चिप बसली, चष्म्यावर कॅमेरा आला. अकरा वर्षांचा अंधार संपला. आता फोनमध्ये बोलून नोंदी ठेवायच्या. ट्रेनर बाई म्हणाल्या, उजेडाचे फक्त साठ ठिपके दिसतील, चेहरे दिसणार नाहीत. सगळ्यांनाच तसं सांगत असणार. मी टेलर. गिऱ्हाईक दारात दिसलं की छातीचं माप सांगायचो. संकल्प: तीन महिन्यांत दुकान उघडायचं. बायकोला म्हटलं, मशीनला तेल घाल. ती म्हणाली, आधी जेवून घ्या.

९ जानेवारी
ट्रेनिंग सेंटरमध्ये सराव. काळं टेबल, पांढरी बशी. डावीकडे की उजवीकडे, एवढंच ओळखायचं. दहापैकी चार बरोबर. बल्ब कमजोर आहे. तक्रार केली.

२० जानेवारी
सेंटरच्या दारात एका गृहस्थांना नमस्कार केला. उत्तर नाही. लोकांना मॅनर्स म्हणून राहिले नाहीत. बाई म्हणाल्या, तो कोट अडकवायचा स्टँड आहे. असेल. पण कोणीतरी उभं आहे हे दिसलं ना मला!

४ फेब्रुवारी
दहापैकी नऊ! बशी ठेवताना बारीकसा टक् आवाज होतो, त्याची थोडी मदत झाली. ही काही लबाडी नव्हे. कान माझेच आहेत.

११ फेब्रुवारी
बाईंनी टेबलावर जाड कापड अंथरलं. दहापैकी तीन. डोकं दुखत होतं. बाई हळूच म्हणाल्या, आपण इथेच थांबायचं का? म्हटलं, छे! आत्ता कुठे हात बसतोय.

१ मार्च
लेक हॉस्टेलवरून आली. माझे डोळे गेले तेव्हा नऊ वर्षांची होती, दोन वेण्या घालायची. आज दुपारी ती दिसली! खिडकीपाशी उभी, सडसडीत, उजळ. म्हटलं, केवढी उंच झालीस गं, अगदी आत्यावर गेलीस. ती म्हणाली, हो बाबा. आवाज स्वयंपाकघरातून आल्यासारखा वाटला. आमच्या घरात आवाज घुमतो. बायको म्हणाली, आधी जेवून घ्या.

२ मार्च
लेक पहाटेच्या बसनं गेली. चष्मा लावून चहा घेत बसलो. खिडकीपाशी ती अजून उभी होती.
उठून हात लावला. पडदा.
बराच वेळ कापड चिमटीत धरून उभा राहिलो.
पोहोचल्यावर तिचा फोन आला. म्हणाली, बाबा, काल मी खरंच दिसले ना तुम्हाला?
म्हटलं, हो तर.