बोरिंगचे पाणी आणि बुधरीची वही

मी, गोपाल सोमाजी पिंपळशेंडे, वय ७१, निवृत्त शिक्षक, राहणार तालुका कोरपना, जिल्हा चंद्रपूर, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वखुशीने लिहून ठेवतो. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. माझा मुलगा लोकेश उलट सांगेल, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. गडचांदूरचा प्लॉट लोकेशला. इकडच्या घरावर त्याने डोळा ठेवू नये.

२. हे राहते घर बुधरी वारलू कोडापे हिला. ती माझी जुनी विद्यार्थिनी, आता आमच्याच गुड्यावर, म्हणजे आदिवासी पाड्यावर, पोरांना शिकवते. लोकेश विचारेल, "बाबा, ते आपली कोण लागते?" त्याच्यासाठी सविस्तर लिहितो.

सन २००९. बुधरी सातवीत होती. शाळेच्या बोरिंगचे पाणी पिणारी पोरे आणि झिऱ्याचे, म्हणजे ओढ्याकाठच्या झऱ्याचे, पिणारी पोरे तिने वेगळी मोजली, एकेकाचे दात पाहिले. बोरिंगच्या एकोणिसांत चौदा जणांच्या दातांवर पिवळे डाग, झिऱ्याच्या अकरांत एकाच्याच. वही घेऊन आली. "गुरुजी, बोरिंगमंदी काईतरी हाय."

मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो, जमिनीखालचे पाणी शुद्ध. झिऱ्याला पुजणारी तिची माणसे मला अडाणी वाटत. म्हणालो, "पुस्तकापेक्षा तू शहाणी झालीस काय?" आणि भर वर्गात बोरिंगचे गिलासभर पाणी गटागटा प्यालो. "पाहा, काही झालं मले?" पोरांनी टाळ्या वाजवल्या.

एका गिलासाने काय सिद्ध होते? अरे गाढवा, पंचवीस वर्षे विज्ञान शिकवलेस आणि एवढे कळले नाही! त्या वर्गात विज्ञान करणारी ती एकटी होती. मी नुसते कीर्तन करत होतो.

आठ वर्षांनी पाणी तपासले गेले. फ्लोराईड निघाले, पिऊ नये म्हणून बोरिंगला लाल रंग लागला. तोवर बुधरीच्या धाकट्या भावाचे, पत्रूचे, पाय वाकले होते.

३. ती वही मी जप्त केली होती. लोखंडी पेटीत आहे. ती माझी मालमत्ता कधीच नव्हती, तिची तिला परत द्यावी.

४. माझ्या नावाने शाळेत बक्षीस ठेवू नये, फोटो लावू नये. तेरवीला भाषणे तर मुळीच नकोत.

५. गेल्या पोळ्याला मी कोडाप्यांकडे माफी मागायला गेलो. बुधरी म्हणाली, "माफीचं राहू द्या, गुरुजी. पोरायले मोजाले जागा पाहिजे." म्हणून घर.

तेवढ्यात पत्रू काठी टेकत दारात आला. मला वाटले, शिव्या देईल. तो म्हणाला, "मी पहिलीत होतो, गुरुजी. तुमी पेताना खिडकीतून पाह्यलो. ताई घरी झिऱ्याचं पाणी आणून ठेवे. मी ते सांडून देत होतो, न बोरिंगचंच पेत होतो. तुमी पेले म्हणून."

बुधरीलाही हे त्या दिवशीच पहिल्यांदा कळले. 

सही : गो. सो. पिंपळशेंडे

साक्षीदार (दोघांनाही यातून काही मिळत नाही) :
१. प्रवीण नानाजी मोहुर्ले
२. सोमारी लच्चू मडावी (डाव्या अंगठ्याचा ठसा)

ठिकाण : कोरपना
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५