अँडीजमधली पडापडी

३ फेब्रुवारी, ब्रिस्टल
रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात. मी युनिव्हर्सिटीत प्राचीन हाडांचा पार्ट-टाइम कोर्स घेतला. आयुष्यभर ऑर्थोपेडिक सर्जन होतो, मला कोण शिकवणार? प्रोजेक्ट मिळालं: दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या डोंगरातलं हजारेक वर्षांपूर्वीचं गाव, तिथल्या कवट्यांचे स्कॅन. बऱ्याच फुटलेल्या. निदान लगेच केलं. उंच डोंगर, निसरड्या वाटा. पडले बिचारे.
मार्चमध्ये मराठी मंडळात व्याख्यान. विषय: शांतताप्रिय अँडीज.

९ फेब्रुवारी
ट्यूटर अक्षरा, इथेच जन्मलेली पोर. म्हणाली, काका, पुरुषांची कपाळं डावीकडेच का फुटलीत? उत्तरही तिनेच दिलं: समोरचा राइट हॅन्डने मारतो, म्हणून. मी म्हणालो, माणूस डावीकडेच पडतो. का, ते नंतर शोधेन.

१६ फेब्रुवारी
बायकोने जेवताना स्कॅन बघितले. प्रमोदिनी इमर्जन्सीत कन्सल्टंट. म्हणाली, अरे, ही बाई पळत होती, मागून मारलंय. हात मोडलाय, डोक्यावर धरला असणार. हा गोल खड्डा गदेचा, नाहीतर गोफणीच्या दगडाचा.
निषेध म्हणून ताटावरून उठलो. नंतर टोस्ट खाल्ला.

२४ फेब्रुवारी
एका कवटीत भरून आलेली जखम, शेजारीच न भरलेली. अक्षरा म्हणाली, एकदा वाचला, दुसऱ्यांदा नाही. माझं मत: त्याच वाटेवर पुन्हा पडला. बेफिकीर माणूस.

२ मार्च
आज लहान कवटी. दुधाचे दात. मागे तीन घाव, तिन्ही खोल. किती उंचावरून पडलं, याचं गणित मांडलं. एकदा पडून तीन घाव बसत नाहीत. लॅपटॉप जुना झालाय.
अक्षरा हळूच म्हणाली, काका, कोणीतरी वाकून मारलंय. मी ओरडलो. माउस भिंतीवर फेकला, फुटला. ती दारापर्यंत मागे सरकली. तिला सांगितलं, मी अत्यंत शांत माणूस आहे.
व्याख्यानातून या कवटीची स्लाइड काढून टाकायची.

८ मार्च
व्याख्यान झालं. हॉल भरलेला. सुरुवात उत्तम. पण ती स्लाइड काढायची राहिली होती. पडद्यावर आली. हे मूल पडून, एवढंच बोललो. पुढचं वाक्य येईना.
प्रमोदिनी उठली. माझ्या हातातून माइक घेतला. म्हणाली, या लेकराला मारलंय. मग बाकीच्यांचंही सांगितलं, एकेकाचं. मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो.
टाळ्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या बाईंनी नातीला मांडीवर घेतलं.
येताना गाडी प्रमोदिनीनेच चालवली. मी म्हणालो, साउंड सिस्टिम खराब होती.
ती म्हणाली, हो.