पांढरे पॅड बाळाला लावू नकोस

ताई,

तू आंघोळीला गेलीस आणि माझी कंपनीची गाडी आली, म्हणून लिहून जातोय.

बाळाच्या कापडी डायपरमध्ये आजपासून करडे पॅड घाल, बांबूच्या धाग्याचे. पांढरे मायक्रोफायबरचे मीच आणले होते, दुकानदार म्हणाला पटकन शोषतात. शोषतात खरे, पण थेट अंगाला लागले की कातडी कोरडी पडते. मी ते तसेच उघडे लावत होतो, म्हणून तिच्या मांड्या लालभडक झाल्यात. तुझं काही चुकलेलं नाही. करडे वाळले नसतील तर पांढरे डायपरच्या कप्प्यात आत सरकव. झोपवताना दोन घाल, एक पुरत नाही.

बाळंतिणीला मात्र यातलं काही विचारू नकोस. काल मी दोन्ही पॅड पुढे धरून विचारलं, "यातला कुठला बरा?" ती म्हणाली, "मला काहीच कळत नाही रे. तू आणि ताईच सांभाळा तिला." आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

पॅडचं मी चार जणांना विचारून शोधून काढलं. हिचं कुणाला विचारू? डॉक्टरीणबाईंना फोन लावला होता, पण त्यांनी "बोला" म्हटल्यावर मी फोन ठेवून दिला. आज तू लाव. नंबर फ्रिजवर चिकटवलाय.

दुपारी बाळाला हिच्या कुशीत देऊन बघ. पण ताई, तू तिथेच बस. दारावरची बेल वाजली तरी उठू नकोस.

तुझा धाकटा