ओळ चार, टाका दोन

३ डिसेंबर, बुधवार
अण्णांची दुलई चौथ्यांदा धुतली. पाच गाठी सुटल्या. कापूस सरकून पायाकडे गोळा, छातीवर नुसतं कापड. मी घातलेले त्रेसष्ट टाके, टाक्याला एक गाठ, वीत-वीत सोडून, एकही अंतर चुकलेलं नाही. तरी पाच.
सुनीता दोरीवर वाळत घालताना म्हणाली, "अहो, आयतं ब्लँकेट आणा. दिवसाआड धुवायला मी असते." खरं आहे. पण अण्णा ब्लँकेट ढकलून देतात. अंगावर वजन लागतं त्यांना. अंथरुणाला खिळल्यापासून वडिलांचं बोलणं गेलं, ढकलणं तेवढं राहिलंय.
संक्रांतीपर्यंत दुलई टिकली तर ठीक, नाही तर ब्लँकेट. सु.चा निकाल. मान्य.

५ डिसें., शुक्र.
शिफ्ट सुटल्यावर चाकणहून येताना गादीवाल्याकडे थांबलो. दोरा दाखवला. त्याने बोटांत फिरवला.
"मेण लावलंत? भाऊ, मेणाने दोरा कापडातून पळतो, तसाच गाठीतूनही पळतो. ओला करा, दोनदा आवळा, शेपूट बोटभर ठेवा."
हे मला माहीत होतं. लक्षात राहिलं नव्हतं इतकंच. कोणाच्या हाताखाली शिकलो नाही, जुन्या गाद्या उसवून शिकलो. त्यामुळे विचारणं जरा जड जातं.
सगळे त्रेसष्ट काढून नव्याने. आज अर्धे, उद्या अर्धे.

९ डिसें., मंगळ.
दोन धुणी. चार सुटल्या. कंपनीत रिजेक्शन लिहितो तसं लिहून ठेवलं: ओळ ३, टाके ३-४-५. ओळ ४, टाका ४. आधीच्या पाचही याच भागातल्या. काठाची एक नाही. मशीन काय मधलंच धरून ओढते?
सु.: "माझ्या मशीनला नावं ठेवू नका."

१४ डिसें., रवि.
सापडलं.
सुट्टी म्हणून अण्णांजवळ बसलो होतो. डोळे छताकडे, हात दुलईवर. अंगठ्याच्या नखाने गाठ सैल केली, शेपूट मागे ढकललं, सुटली. मग पुढची. निगडीला ट्रकवर ताडपत्र्या बांधण्यात जन्म गेला या माणसाचा. माझी ओली, दोनदा आवळलेली गाठ किती वेळ टिकली ते लिहीत नाही.
सु. आधी हसली. मग म्हणाली, "असू द्या, हाताला काम आहे."
उद्यापासून दुलई उलटी. गाठी खाली. बघू.

१७ डिसें., बुध.
धुणं झालं. एकही सुटली नाही. पण अण्णा दोन दिवस झोपलेले नाहीत. कापड चाचपतात, चिमटीत धरतात, सोडतात. आज दुलईसुद्धा ढकलली, ब्लँकेटसारखी.
सु.: "टिकली ना? मग खूश व्हा."
खूश कसला. पांघरलेली टिकायला हवी, कोपऱ्यात पडलेली नव्हे.
पुन्हा सुलटी केली. रोज सकाळी कंपनीच्या बसआधी सुटलेल्या बांधायच्या. दहा मिनिटांचं काम. धुण्याच्या दिवशी तर

(सु.ने हाक मारली. अण्णा झोपले.)

२८ डिसें., रवि.
ओळ ४, टाका २. ही गाठ माझी नाही.
चपटी. शेपूट दिसत नाही, आत कुठेतरी वळवलंय. शेजारच्या माझ्या दोन सैल, ही जागची हलत नाही. माझ्या नोंदीत हिचा पत्ताच नाही.
सु.ला विचारलं. "मी कशाला बांधू? मला काय तुमच्यासारखं वेड लागलंय?"
अण्णांकडे पाहिलं. छताकडे बघत होते.

४ जाने., रवि.
आठवड्यात तीन धुणी, मोजून. गाठ तशीच. भिंग घेऊन पाहिली. दुसऱ्या दोऱ्यावर सहा वेळा घालून पाहिली, जमत नाही. सोडवली तर कळेल. कात्रीचं टोक जवळ नेलं होतं, तेवढ्यात सु.: "हात लावून तर बघा त्या गाठीला." ठेवली कात्री.
मग दाभण ओवून टाका घातला, दोरा ओला केला, दोन्ही टोकं अण्णांच्या हातात दिली आणि समोर बसलो. म्हणालो, "अण्णा, दाखवा."
त्यांनी टोकं चिमटीत धरली. बराच वेळ. मग माझी बाही ओढली, दोरा तिला पुसला. नीट, दोन्ही टोकं. आणि तिथेच हात थांबले, डोळा लागला.
संक्रांतीला दहा दिवस. उद्या कोरडा दोरा.